वाढली म्हणायचं

औरंगपुऱ्यात अख्तरीबीला कुणी ‘ए बांगडीवाली’ म्हणून हाक मारली तर ती वळूनसुद्धा बघायची नाही. बांगड्या विकायला काय, कुणीही विकतं, असं तिचं म्हणणं. डब्यात घालून विकतात, पिशवीत टाकून विकतात. मी भरते. विकणं वेगळं आणि भरणं वेगळं. ज्याला हा फरक कळत नसेल त्यानं खुशाल पुढच्या दुकानात जावं, तिथं प्लास्टिकच्या मिळतात.

तोंडाची अशी फटकळ, पण हात मऊ. समोरच्या बाईचा पंजा हातात घ्यायचा, अंगठ्याचं मूळ जरा दाबायचं, चार बोटं एकत्र मिटवायची आणि तिच्या सासूची चौकशी करायची. बाई सासूचं गाऱ्हाणं सांगण्यात रंगली की इकडं सव्वादोन मापाची बांगडी आत गेलेली असायची. एका बंद दुकानाच्या पायरीवर पेटी, वर ताडपत्री, खाली बसायला गोणपाट, एवढाच तिचा थाट. पण लग्नसराईत त्या गोणपाटावर बसायला देवगाव रंगारीपासून लासूर स्टेशनपर्यंतच्या बाया ताटकळत उभ्या राहायच्या.

हे काम तिला शिकवलं सासऱ्यानं, नूरमोहम्मद मणियारनं. त्यानं आधी हात शिकवला नाही, तोंड शिकवलं. म्हणाला, “बहू, बांगडी फुटली असं आपल्या तोंडातून कधी निघता कामा नये. या बायांसाठी ते अभद्र असतं. वाढली म्हणायचं.” नारळ वाढवतात, मंगळसूत्र वाढवतात, तशी बांगडी वाढते. अख्तरीनं तो शब्द असा काही उचलला की घरीदारी तोच. दखनीत बोलता बोलता मध्येच हा मराठी शब्द. कप वाढला, खिडकीची काच वाढली. मुलगा कय्युम मोबाईल दुरुस्त करायचा. तो जेवायला बसला की ही विचारायची, “आज कितनों की स्क्रीन वाढली रे?” आणि कय्युमला हसून ठसका लागायचा.

कय्युम पोरगा चांगला, आईवर जीव टाकणारा. पण त्याचं एकच पालुपद असायचं, की अम्मी, आता बस कर. उन्हात बसतेस, दिवसभर काचा चाळतेस, लोक मला विचारतात. अख्तरी म्हणायची, लोकांना माझ्याकडं पाठव, त्यांना काय विचारायचं ते मी विचारते.

तर त्या दिवशी सकाळी देवगाव रंगारीची राजाबाई आली, लेकीला घेऊन. लेक आवडा, पुढच्या आठवड्यात लग्न, हिरवा चुडा भरायचा होता. राजाबाईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, आता थोडी शेती आणि थोडी मजुरी. तिच्या लग्नातला चुडा नूरमोहम्मदनं भरला होता आणि नंतरच्या सगळ्या बांगड्या अख्तरीनं. दोघींचं नातं असं की भेटल्याबरोबर आधी भांडायच्या.

“लई उशीर केलास गं,” अख्तरी म्हणाली. “नवरदेव पळून गेला म्हणलं.”

“पळतोय कुठं? तीनशे मेंढरं हाईत त्याला,” राजाबाई म्हणाली. “बस गं आवडे. हात दे मावशीला.”

आवडानं हात पुढं केला. अख्तरीनं तो आपल्या डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं पहिली बांगडी उचलली आणि तिला वाटलं, बांगडी भलतीच जड आहे. दंडापासून खाली एक कळ गेली. ती गेली आणि मागं काहीच राहिलं नाही. बोटं तिचीच होती, दिसत होती, पण कुणा दुसऱ्याची असावीत तशी. तिनं दात खाऊन बांगडी पुढं सरकवली. कट् असा आवाज झाला आणि काचेचे दोन तुकडे आवडाच्या मांडीवर पडले.

नवरीच्या हातातली, लग्नाच्या चुड्यातली, पहिलीच बांगडी! अख्तरीचं तोंड उतरलं. आपल्या हाताला काय झालंय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आवडाच्या मनगटावर कुठं ओरखडा तर नाही ना, हेच ती बघत बसली. “या अल्ला, वाढली गं,” ती पुटपुटली. “राजाबाई, माझ्या हातून वाढली.”

“वाढली तर वाढू दे. काच हाय, सोनं नाय,” राजाबाई म्हणाली, आणि तुकडे उचलताना तिचा हात अख्तरीच्या बोटांना लागला. ती दचकली. “अगं बये! हात हाय का बर्फ? अन् पांढरा फटक पडलाय की. ए, कुणीतरी हिच्या कय्युमला बोलवा!”

कय्युम धावत आला. हातातलं काम टाकून, स्वतःचा फोन दुकानात चार्जिंगला तसाच ठेवून. आईला रिक्षात घातली आणि जालना रोडवरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेली. निघताना अख्तरी रिक्षातून मान बाहेर काढून ओरडली, “आवडे, दुसऱ्या कुणाकडून भरून घेऊ नको! हा हातच भरील!”

दवाखान्यात डॉक्टर दांडगे होते. माणूस मूळचा लासूर स्टेशनचाच, पण शिकायला मुंबईत इतकी वर्षं राहिलेला की मराठी छापल्यासारखी बोलायचा. त्यांनी नाडी शोधली. मनगटाला नव्हती, कोपराला नव्हती, काखेत होती. छातीचा आलेख काढला, हाताची सोनोग्राफी केली, एक इंजेक्शन दिलं आणि कय्युमला भरतीच्या खिडकीकडं पिटाळलं. मग खुर्ची ओढून अख्तरीच्या समोर बसले.

“तुमच्या हृदयाचे ठोके नीट पडत नाहीत,” ते म्हणाले. “अशा वेळी आत रक्ताच्या गाठी होतात. त्यातली एक गाठ निसटली आणि हाताच्या मोठ्या रक्तवाहिनीत अडकली. म्हणून खाली पंजाला रक्त जात नाही.”

“मग?”

“मांडीच्या सांध्यातून एक बारीक नळी आत घालायची. आतल्या आत छातीपर्यंत, तिथून दंडात, थेट गाठीपाशी. जेवढी गाठ ओढून निघेल तेवढी ओढायची, उरलेलीवर तिथंच औषध सोडून ती फोडायची. हात कापायचा नाही, टाके नाहीत.”

अख्तरीनं ओढणी सारखी केली. दुखणं हाताला आणि नळी मांडीतून? गच्चीवरचं पाणी काढायला कुणी पायाच्या दगडाला भोक पाडतं का? आणि ‘फोडायची’ म्हणतोय, तेही रक्तामांसाच्या हाताबद्दल. मनातून ती घाबरली होती. घाबरली की तिचा आवाज चढायचा, तसा तो चढला. “आणि नाही घातली नळी, तर?”

दारातून सिस्टर हाका मारत होती, आत कुणीतरी फार अत्यवस्थ होतं. डॉक्टर उठले. “नाही घातली तर गाठ वाढेल.”

“वाढेल? आपणहून?”

“आपणहूनच. तासातासाला वाढत जाईल. तुम्ही इथंच पडून राहा, मी आलोच,” असं म्हणून ते गेले.

आता वाढणं म्हणजे मोठं होणं हे अख्तरीला काय ठाऊक नव्हतं? होतं की. पोरं वाढतात, केस वाढतात, महागाई तर रोजच वाढते. पण मनगटाजवळची गोष्ट वाढते तेव्हा ती एकाच तऱ्हेनं वाढते, हे तिच्या हाडात मुरलेलं. त्यातून डॉक्टरच्या तोंडी आधी आलं होतं ‘फोडायची’. म्हणजे फोडायची नाही, तर आपणहून वाढेल. सरळ हिशेब आहे! आणि खरं सांगायचं तर माणसाच्या कानाला जे हवं असतं तेच तो आधी ऐकतो. अख्तरीला त्या तपासणीच्या टेबलावरून उठायचं होतं. इंजेक्शननं कळ जरा दबली होती, तेवढं निमित्त पुरलं. ती उठली, चप्पल घातली आणि कय्युमला गाठलं.

“चल घर. गाठ आपणहून वाढती बोले डाक्टर.”

अम्मीच्या तोंडी वाढणं म्हणजे फुटणं, हे कय्युमला पाळण्यापासून ठाऊक. त्याचा जीव भांड्यात पडला. “सच्ची? अपने आप?”

“हौ. तासातासाला बोले. सुई दी ना, बस हो गया.”

आणि ती दोघं शहाणी चक्क घरी निघून आली. पाठीमागं दवाखान्यानं कय्युमला फोनवर फोन लावले. दुनियेचे मोबाईल जिवंत करणाऱ्या या पोराचा स्वतःचा मोबाईल दुकानात चार्जिंगला पडून होता.

घरी अख्तरी टिकली नाही. पडून राहा म्हणून कय्युम बजावून गेला आणि ही दुपार कलल्यावर औरंगपुऱ्यात पेटीपाशी हजर! हात ओढणीत गुंडाळलेला. साड्यांची खरेदी उरकून राजाबाई आणि आवडा ठेवलेलं गाठोडं घ्यायला तिथं आल्या होत्या.

“आलीस? काय म्हणला डॉक्टर?”

“काय नाय. रक्ताची गाठ हाय म्हणला. आपणहून वाढंल म्हणला.”

राजाबाईनं गाठोडं खाली ठेवलं. “वाढंल? अन् तू इथं बसलीस?”

“मग? वाढली की मोकळी झाले.”

“मोकळी कशी होतीस? मेंढराच्या गळ्याला गाठ वाढती तवा मेंढरू मोकळं व्हतं का? मरतं ते!”

“अगं मोठी होणारी वाढ नाय,” अख्तरी चिडून म्हणाली. “वाढंल म्हणजे, आपली बांगडी वाढती तशी.”

राजाबाईनं सरळ ओढणी ओढून हात उघडा केला. बोटं आता पांढरी नव्हती, निळसर झाली होती, नखांखाली सावळी. “डॉक्टर काय बांगड्या भरतो व्हय गं?” ती ओरडली. “त्याला काय ठाव तुझं-माझं बोलणं? त्याची वाढ म्हंजे वाढ! गाठ मोठी व्हणार म्हणला तो, येडे!”

अख्तरीनं बोटं मिटवायला बघितली. दोन जरा हलली, बाकीची नाहीत. तेव्हा पहिल्यांदा तिला रडू फुटलं. आणि रडू फुटलं म्हणून राग आला. रिक्षात बसल्यावर तो सगळा राजाबाईवर निघाला.

“तुमचाच शब्द!” ती हुंदके देत भांडत होती. “जन्मभर तुमचा शब्द तोंडात सांभाळला. चुकून कधी फुटली म्हणले नाय. अन् तोच शब्द माझा हात खाया उठला!”

“बरं बाई, माझंच चुकलं. तू आधी हात छातीशी धर,” राजाबाई म्हणाली, आणि रिक्षावाल्याच्या पाठीत बोट खुपसलं. “ए दादा, रिक्षा हाय का बैलगाडी? हाण की!”

डॉक्टर दांडगे दारातच भेटले. इतका शांत माणूस, पण त्यांचा आवाज सगळ्या मजल्यानं ऐकला. “कुठं गेला होतात तुम्ही? मी स्पष्ट सांगितलं होतं, गाठ वाढेल म्हणून!”

“तेच तर!” अख्तरीही ओरडली. “असं कुणी बोलतं का, साहेब? वाढणं म्हणजे फुटणं! तुमच्या आईला विचारा. लासूरच्या बाजारात कधी बांगड्या भरल्या असतील ना तिनं?”

डॉक्टरांना कळायला जरा वेळ लागला. आई फुटक्या बांगडीला काय म्हणायची ते त्यांना आठवलं असावं. “चूक माझीही आहे,” ते म्हणाले. “पण आता वेळ नाही. हात अजून पुरता गेलेला नाही. आत्ताच्या आत्ता नळी घालायची.”

एव्हाना दुकानात फोनवरचे मिस्ड कॉल बघून कय्युम आला होता आणि त्याच्याबरोबर चुलता इब्राहीम. डॉक्टरांनी धोका लपवला नाही. गाठ विरघळवायचं औषध जहाल असतं, ते म्हणाले. क्वचित कुणाला दुसरीकडं रक्तस्राव होतो, मेंदूतही होऊ शकतो. आणि एवढं करूनही हात वाचेलच अशी खात्री देता येत नाही. कय्युम पुढं झाला. “डॉक्टरसाब, हात गेला तर गेला,” तो म्हणाला. “मला अम्मी पाहिजे. कापायचा तर कापा.”

इब्राहीमनं मान डोलावली आणि सिस्टरच्या हातातले कागद स्वतःकडं घेतले. “भाभी, तुम्ही पडून राहा. निर्णय आम्ही घेतो. आम्ही काय हातात बांगड्या भरल्यात?”

झालं! राजाबाई नंतर सांगायची की तिला वाटलं, आता ही खाटेवरून उठून दिराच्या कानाखाली वाजवणार.

“नाहीत ना भरल्या?” अख्तरी म्हणाली. “म्हणूनच सांगते, मध्ये बोलू नका. इब्राहीमभाई, सगळ्या औरंगपुऱ्याला मी बांगड्या भरल्या. ज्यांनी भरल्या त्या बाया बाळंत झाल्या, विहिरीवर राबल्या, नवरे गेले तरी उभ्या राहिल्या. भ्यालेला माणूस बांगड्या भरतो असं तुम्हाला कुणी सांगितलं? भ्यालेला माणूस हा असा दुसऱ्याचा कागद ओढून घेतो. द्या इकडं.”

“अम्मी, तुला काही झालं तर...” कय्युम म्हणाला.

“हात माझा आहे. माझ्या खांद्याला आहे,” ती म्हणाली. “कापायचा तर मी मेल्यावर कापा, मी बघायला येणार नाही.”

तिनं डाव्या हातानं सही केली. जन्मात डाव्यानं काही लिहिलं नव्हतं. नावाचा पार जिलेबीचा घाणा झाला, पण केली.

टेबलावर तिला भूल दिली नव्हती, मांडीच्या सांध्यापाशी तेवढी जागा बधिर केली. वर पडद्यावर तिचा स्वतःचा दंड दिसत होता. त्यात डॉक्टरांनी रंगाचं औषध सोडलं की एक काळी वाट उमटायची. खांद्यातून खाली यायची आणि कोपराच्या जरा वर गपकन थांबायची. पुढं काही नाही, सगळं कोरं. अख्तरी त्या जागेकडं डोळे वटारून बघत होती, उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघावं तशी. दारावर कय्युम ‘या अल्ला’ करत होता आणि त्याच्या शेजारी राजाबाई खंडोबाला हाका मारत होती. आत सगळं ऐकू येत होतं.

“आता नळी गाठीपाशी आली,” डॉक्टर म्हणाले. “आता ही फोडू...”

“साहेब!”

“काय झालं? दुखतंय?”

“फोडू म्हणू नका. माझ्या हातात काही फुटत नसतं.”

डॉक्टरांचा मास्क हलला. हसले असावेत. “बरं. वाढवू.”

“हां. आता वाढवा.”

नळीनं गाठीचा मोठा तुकडा ओढून काढला. काळपट, बोटाच्या पेराएवढा. पण खाली पंजाकडच्या बारीक वाटांमध्ये चुरा अडकलेला होता. तो ओढून निघण्यासारखा नव्हता. नळी तशीच ठेवून तिच्यातून थेंब थेंब औषध सोडायचं आणि सकाळी पुन्हा बघायचं, असं ठरलं. तोवर पाय वाकवायचा नाही, उठायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. अख्तरीसारख्या बाईला याहून मोठी शिक्षा नव्हती. तिनं सिस्टरला भंडावून सोडलं, पण पाय हलवला नाही. देवगावची शेवटची बस गेली तरी राजाबाई जागची उठली नाही. लेकीला घेऊन बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिली. लग्नघर वाट बघत होतं, फोन येत होते. ती सगळ्यांना एकच सांगत होती, चुडा भरायचा हात दवाखान्यात हाय, हातासंगं येते.

सकाळी तिला पुन्हा त्या टेबलावर घेतलं. पडद्यावर तोच दंड. डॉक्टरांनी ते रंगाचं औषध सोडलं. काळी वाट खांद्यातून निघाली, दंडातून उतरली, कोपरापाशी आली. वाट थांबली नाही. मनगटात शिरली, तळव्यात पसरली, आणि एकेका बोटात बारीक रेघ होऊन पार टोकापर्यंत गेली.

डॉक्टर तिच्या कानाशी वाकले. “अख्तरीबी, वाढली.”

“नीट सांगा हो! कुठली वाढली? तुमची, का माझी?”

“तुमची,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्या बांगडीसारखी. पार चुरा झाला.”

अख्तरी इतक्या मोठ्यानं रडली की बाहेर कय्युमला वाटलं सगळं संपलं. तो दार ढकलून आत घुसला आणि सिस्टरनं त्याला गचांडी धरून बाहेर काढला. तेवढ्यात त्यानं आईचा हात बघून घेतला होता. हात गुलाबी होता. तो बाहेर येऊन राजाबाईच्या गळ्यात पडला.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं आणि म्हणाले, “आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कायमच्या. एक दिवसही चुकवायची नाही. कापलं, लागलं तर रक्त लवकर थांबणार नाही. तेव्हा काचेचं काम सोडलेलं बरं.”

कय्युमचा चेहरा उजळला. बिचाऱ्याला लपवता आलं नाही. “सुनलीस ना, अम्मी? मी पेटी केव्हाच माळ्यावर ठेवून दिली.”

अख्तरीनं उजवा हात उचलून डॉक्टरांच्या नाकासमोर धरला. “मग हा वाचवला कशाला, साहेब? ताबीज करून गळ्यात बांधू, का खुंटीला टांगू?”

“भाजी चिरा, नातवंडं खेळवा...”

“भाजी डाव्या हातानं पण चिरता येते. मी या हातासाठी जिवावरचा धोका घेतला. तुम्ही विचारलं तेव्हा सही मी केली. तेव्हा नाही बोललात, की हात देतो पण हातातलं काम ठेवून घेतो म्हणून?”

“निदान हातमोजे घाला.”

“मोजे घालून बांगडी भरतात का? हाताला हात कळला पाहिजे. त्यातूनच तर ती जाते.”

डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट तिच्यापुढं सरकवलं. “मी हो म्हणणार नाही,” ते म्हणाले. “पण लागलं तर कापूस घेऊन घट्ट दाबून धरा. सारखं उघडून बघू नका. नाही थांबलं तर सरळ इथं या. आणि गोळी चुकवाल तर मी औरंगपुऱ्यात येऊन भांडेन.”

“या की. माझ्याशी भांडायला लोक रोजच येतात,” अख्तरी म्हणाली.

रस्त्यात कय्युम गाडी थांबवून तिच्याकडं वळला. “अम्मी, मला डर लागतो. खरंच लागतो. त्या दिवशी मला वाटलं, गेलीस.”

“मलापण लागतो रे,” ती म्हणाली. तिनं तो उजवा हात त्याच्या गालावर ठेवला. हात ऊन होता. “डर लागतो म्हणून हात खिशात घालून बसू का? माझ्या कपड्याला खिसा पण नाय. पेटी खाली काढ. आवडा रिकाम्या हातानं फिरतेय.”

पेटी खाली आली. हळदीच्या दिवशी कय्युमनं स्वतः तिला देवगाव रंगारीला नेलं आणि कापसाचं बंडल, चिकटपट्ट्या, डॉक्टरांचा नंबर असं सगळं घेऊन तिच्या शेजारीच मांडवात बसला. बाया त्याला हसत होत्या. तो हलला नाही.

आवडाचा हात अख्तरीनं हातात घेतला. अंगठ्याचं मूळ दाबलं. तिची बोटं अजून थोडी बधिर होती, थोडी मुंग्यांनी भरलेली. पहिली हिरवी बांगडी तिनं उचलली तेव्हा मांडवातला गलका थांबला. “सासू कशी आहे गं?” तिनं विचारलं. आवडा लाजून खाली बघायला लागली, तेवढ्यात बांगडी आत गेली होती. मग दुसरी. मग दोन्ही हात भरले, कोपरापर्यंत हिरवे, आणि एकही वाढली नाही. आवडा उठून तिच्या पाया पडली. “चुडा सलामत राहो,” अख्तरी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

“आता माझा हात घे,” राजाबाई पुढं सरकली. “विहीणबाई बघणार हाईत.”

“तुझा हात म्हणजे खुरप्याची मूठ,” अख्तरी म्हणाली. “तुला बांगडी नको, बैलाच्या गळ्यातलं कडं पाहिजे.” दोघी भांडत होत्या, बांगड्या चढत होत्या. चौथी की पाचवी त्या जाडजूड सांध्यावर अडली. अख्तरीनं जोर केला. कट्.

काच तिच्या तर्जनीच्या टोकात घुसली. क्षणभर काही नाही, मग लालभडक थेंब वर आला, मोठा झाला आणि बोटावरून खाली ओघळला.

“अम्मी!” कय्युम कापूस घेऊन झेपावला. “फुटली!”

“वाढली म्हण,” अख्तरी म्हणाली. “आणि थांब. पुसू नको.”

“अगं रक्त येतंय!” राजाबाई ओरडली.

“तेच बघतेय.” तिनं बोट उजेडात धरलं. दुसरा थेंब आला, पहिल्याच्या मागं, तितकाच गरम. तिचा चेहरा फुलला. “बघ, पार टोकापर्यंत येतंय,” अख्तरी म्हणाली.

मग तिनं पोराच्या हातातला कापूस घेतला, बोटावर घट्ट दाबून धरला आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, एकदाही उघडून न बघता, रक्त थांबेपर्यंत शांत बसली. थांबल्यावर चिकटपट्टी लावून घेतली. पेटीतून नवी बांगडी काढली, उजेडात फिरवून बघितली.

“हां, राजाबाई,” ती म्हणाली. “दे हात.”